मामाचं दुखणं भाच्याला कसं येतं?

भगिनींनो, या आठवड्यात एकाच पत्राला जास्त जागा देत आहे. पत्र एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. लिहिणारीचं नाव-गाव अर्थातच छापत नाही, पण मजकूर तिच्याच शब्दांत थोडक्यात देते.

"माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. रांगायला लागल्यापासून त्याच्या गुडघ्यांवर, कपाळावर काळेनिळे डाग पडायचे. पोर धडपडतंय, होणारच, असं वाटायचं. गेल्या महिन्यात ओठाच्या आतल्या बाजूला लागलं आणि दोन दिवस रक्त थांबेना. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी हिमोफिलिया सांगितला. माझे मामा लहानपणी दात काढल्यावर रक्त न थांबून गेले, असं आई सांगते. हे कळल्यापासून सासूबाई उठता-बसता 'हे तुझ्या माहेरून आलं' म्हणतात. मिस्टर गप्प असतात. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमत आलंय. आई म्हणते, बाळाच्या दुखण्याची वाच्यता करू नकोस, मोडेल. माझ्या माहेरच्या बायका सगळ्या धडधाकट आहेत, मग मुलग्यांनाच हे का व्हावं? दुसरं मूल होऊ द्यावं का? आणि बहिणीच्या सासरी सांगावं की झाकून ठेवावं?"

प्रश्न अवघड आहेत, पण उत्तरं आहेत. आधी 'मुलग्यांनाच का' हे समजून घेऊ. ते एकदा नीट कळलं की बाकीच्या प्रश्नांतली निम्मी भीती आपोआप जाते.

दोन वह्या आणि एक चिठ्ठी

आपलं शरीर कसं घडवायचं, रक्त कसं तयार करायचं, डोळ्यांना रंग कसे दिसायचे, याच्या सगळ्या कृती शरीरातल्या प्रत्येक पेशीत लिहिलेल्या असतात. घरात पाककृतींची वही असते ना, तशाच त्या वह्या समजा. शास्त्रज्ञ त्यांना गुणसूत्रं म्हणतात. माणसात अशी ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतली एक वही आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एका वहीतलं पान फाटकं असलं तर दुसरीत पाहून काम भागतं.

पण तेविसावी जोडी निराळी आहे. बाईकडे तिथेही दोन पूर्ण वह्या असतात. त्यांना 'एक्स' म्हणतात. पुरुषाकडे मात्र एकच एक्स वही असते आणि तिच्या जोडीला 'वाय' नावाची छोटीशी चिठ्ठी. एक्स वहीत सुमारे आठशे कृती आहेत. चिठ्ठीवर शंभरही नाहीत, आणि त्यातली मुख्य म्हणजे मुलगा घडवण्याची.

रक्त गोठायला जे घटक लागतात त्यांतल्या दोघांची, आठव्या आणि नवव्या फॅक्टरची, कृती या एक्स वहीत आहे. आठव्याचं पान बिघडलं की हिमोफिलिया 'ए' होतो, नवव्याचं बिघडलं की 'बी'. बाईच्या एका वहीतलं पान बिघडलं तरी दुसरी वही आहे, ती सहसा निभावून नेते. पुरुषाकडे दुसरी वहीच नाही. म्हणून त्याच बिघाडाने मुलगा आजारी पडतो आणि त्याची बहीण धडधाकट दिसते. अशा बाईला 'वाहक' म्हणतात. म्हणजे तिच्याजवळ बिघडलेलं पान आहे, पण ते तिचं तिलाही ठाऊक नसतं.

कुणाकडून कुणाकडे

मूल होताना आई आपल्या दोन एक्स वह्यांपैकी एक देते. कोणती, हे कुणाच्या हातात नाही. वडील एक तर आपली एकुलती एक्स वही देतात, मग मुलगी होते. नाहीतर चिठ्ठी देतात, मग मुलगा होतो. (मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

आता आई वाहक आणि वडील निरोगी असतील तर दर खेपेला चार शक्यता सारख्याच असतात:

१. आईची चांगली वही, वडिलांची वही: निरोगी मुलगी.
२. आईची बिघडलेली वही, वडिलांची चांगली वही: वाहक मुलगी.
३. आईची चांगली वही, वडिलांची चिठ्ठी: निरोगी मुलगा.
४. आईची बिघडलेली वही, वडिलांची चिठ्ठी: हिमोफिलिया असलेला मुलगा.

इथे पुष्कळ जणींची एक समजूत होते, की चारातला एक होऊन गेला, आता पुढचे तीन सुटले. तसं नाही. दर बाळंतपणाला चिठ्ठ्या पुन्हा नव्याने टाकल्या जातात.

आणि वडिलांनाच हिमोफिलिया असेल, आई निरोगी असेल, तर? ते मुलाला चिठ्ठीच देतात, वही देत नाहीत. म्हणून त्यांचे सगळे मुलगे निरोगी. पण मुलीला द्यायला त्यांच्याकडे ती एकच वही असते, म्हणून त्यांच्या सगळ्या मुली वाहक. अशा रीतीने हे दुखणं आजोबांकडून मुलीमार्फत नातवाकडे जातं आणि मामांकडचं बहिणीमार्फत भाच्यात दिसतं. बापाकडून थेट मुलाकडे ते जात नाही.

राणीच्या घरातली गोष्ट

हे काही गरीब-श्रीमंत पाहत नाही. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला नऊ मुलं, चार मुलगे आणि पाच मुली. राणी स्वतः वाहक होती. तिच्या चार मुलग्यांपैकी एकट्या लिओपोल्डला हिमोफिलिया होता. १८८४ मध्ये पाय घसरून पडण्याचं निमित्त झालं आणि तिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या मागे राहिलेला मुलगा निरोगी निघाला, पण मुलगी ॲलिस वाहक होती. तिचा मुलगा रुपर्ट याला आजोबांचंच दुखणं होतं आणि १९२८ मध्ये मोटार अपघातानंतर तोही गेला. वर सांगितलेला नियम या एका कुटुंबात तंतोतंत दिसतो.

राणीच्या दोन मुलीही वाहक होत्या. त्यांच्या मुलींच्या लग्नांतून हे दुखणं रशियाच्या आणि स्पेनच्या राजघराण्यांत गेलं. रशियाच्या झारचा १९०४ साली जन्मलेला एकुलता मुलगा अलेक्सी याच दुखण्याचा. उलट राणीचा थोरला मुलगा, पुढे राजा झालेला सातवा एडवर्ड, निरोगी होता. म्हणून त्याच्या वंशात, म्हणजे आजच्या इंग्लंडच्या राजघराण्यात, हे दुखणं उतरलं नाही. १९१८ मध्ये मारल्या गेलेल्या रशियन राजकुटुंबाच्या हाडांची तपासणी होऊन २००९ साली कळलं की तो 'बी' जातीचा हिमोफिलिया होता.

'माहेरून आणलंस'

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे वळू. वही आईकडूनच आली, हे शास्त्र म्हणून खरं आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण 'आलं' आणि 'आणलंस' यांत फरक आहे. कोणती वही बाळाला जावी हे तुम्ही निवडलं नाहीत, तुमच्या आईनेही निवडलं नव्हतं. हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश मुलांच्या घरी तर मागे कुणालाच हा आजार नसतो. पान नव्यानेच बिघडलेलं असतं. शिवाय प्रत्येक माणसाच्या वह्यांत कुठे ना कुठे काही पानं फाटकी असतातच. तुमच्या सासूबाईंच्या असतील, माझ्याही असतील. जोडीची वही चांगली म्हणून ती झाकली जातात, एवढंच.

यजमानांना मात्र गप्प राहून चालणार नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात त्यांना बरोबर न्या आणि हे सगळं डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. जमलं तर सासूबाईंनाही न्या. रात्री-बेरात्री मुलाला लागलं तर घरातल्या प्रत्येकाला काय करायचं ते ठाऊक हवं. त्यासाठी भांडण नव्हे, घराची साथ लागते.

बाईला खरंच काही होत नाही?

पूर्वी तसं मानत. पण १९६१ साली मेरी लायन या इंग्लिश शास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं की बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स वह्यांपैकी एकच उघडी असते, दुसरी जवळजवळ मिटलेली. कोणती मिटायची हे पेशीगणिक नशिबावर असतं. अंगावर काळे-भगवे ठिपके असलेली मांजर पाहा. ती बहुधा मादीच असते. तिच्या एका एक्सवर काळा रंग, दुसऱ्यावर भगवा. जिथे जी वही उघडी, तिथे तो रंग.

वाहक बाईतही असंच होतं. योगायोगाने चांगल्या वह्याच जास्त मिटल्या गेल्या तर तिच्या रक्तातला फॅक्टर कमी भरतो. मग पाळीत फार रक्त जाणं, दात काढल्यावर किंवा बाळंतपणानंतर रक्त न थांबणं असे त्रास होतात. 'आमच्याकडे सगळ्यांनाच जास्त जातं' म्हणून पुष्कळ बायका हे वर्षानुवर्षं सोसतात. पत्रलेखक भगिनीने, तिच्या आईने आणि बहिणीने आपापला फॅक्टर मोजून घ्यावा. दुसऱ्या कुणाच्या घरी हिमोफिलिया असेल तर त्यांनीही.

क्वचित मुलीलाही पुरता हिमोफिलिया होतो, कारण तिच्या दोन्ही वह्या बिघडलेल्या असतात. आपल्याकडे काही समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. मामाला हिमोफिलिया असेल तर त्यांची मुलगी नक्की वाहक. भाच्यालाही तेच दुखणं असेल तर त्या दोघांच्या मुलींपैकी निम्म्या मुलींना ते होण्याचा संभव. अशा घरात तरी ही सोयरीक टाळावी.

बहिणीचं काय?

तुमच्या आईच्या भावाला आजार, नातवालाही आजार. म्हणजे आई वाहक आहे हे धरून चाला. तिच्या दोन वह्यांपैकी बिघडलेली तुमच्याकडे आली. बहिणीकडे ती आली असण्याची शक्यता निम्मी, आणि न आली असण्याचीही निम्मी. तेव्हा झाकावं की सांगावं हे ठरवण्याआधी तपासून घ्या. नुसता फॅक्टर मोजून भागत नाही, कारण वाहक बाईचा फॅक्टर चांगलाही भरू शकतो. जनुकाचीच तपासणी करावी लागते. आधी तुमच्या बाळाच्या रक्तात नेमकं कुठे बिघडलंय ते शोधतात. मग तेवढंच बहिणीच्या रक्तात पाहणं सोपं जातं. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्था आहे, तिथे असं काम चालतं. तुमचे रक्तविकारतज्ज्ञ चिठ्ठी देतील.

बहिणीकडे बिघडलेली वही आली नसेल, तर तिच्यापुरता विषय कायमचा संपला. आली असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: लग्न ठरण्याआधी सांगावं, पण बहिणीने स्वतः, तिच्या इच्छेने, आणि मुलाला समोर बसवून. लपवलेली गोष्ट पहिल्या नातवाच्या वेळी बाहेर पडतेच, आणि मग 'आजार दिला' याच्या जोडीला 'फसवलं' हाही बोल लागतो. शिवाय बाळंतपणात डॉक्टरांपासूनच लपवलं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. सांगितल्यामुळे सोयरीक मोडली, तर वाईट वाटेल हे खरं. पण ज्या घराला एवढं ऐकून घेता येत नाही, त्या घरी आजारी मूल वाढवणं किती कठीण गेलं असतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दुसरं मूल

हा निर्णय तुम्हा दोघांचा. माहिती मात्र पुरी हवी. गरोदरपणाच्या अकराव्या आठवड्यानंतर वारेचा बारीकसा नमुना घेऊन बाळाच्या जनुकात हा बिघाड आहे का ते पाहता येतं. त्याला थोडा धोका असतो, तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा. जायचं असेल तर दिवस राहण्याच्या आधीच सल्ल्याला जा, म्हणजे घाई होत नाही.

इथे कायद्याविषयी दोन शब्द. मुलगी नको म्हणून गर्भाची तपासणी करण्याचं पेव फुटलं होतं, तेव्हा त्याविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. तो १९८८ सालचा. देशाचा कायदा १९९४ साली झाला. त्यानुसार मुलगा की मुलगी हे सांगणं आणि विचारणं गुन्हा आहे. पण लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारासाठी, नोंदणी झालेल्या केंद्रात तपासणी करायला तोच कायदा परवानगी देतो. म्हणून लपून-छपून कुठे जाऊ नका, सरळ वाटेने जा.

तपासणी नको असेल तरी प्रसूतितज्ज्ञांना आपण वाहक आहोत हे सांगून ठेवाच. मग ते चिमटा किंवा व्हॅक्यूम लावणं टाळतात, आणि जन्मतःच नाळेतलं रक्त तपासायला पाठवतात.

घरात काय पाळावं

हिमोफिलिया 'ए' साधारण पाच हजार मुलग्यांत एकाला होतो. आज तुमच्या मामांच्या वेळेसारखी परिस्थिती नाही. कमी पडणारा फॅक्टर शिरेतून देता येतो. 'ए' साठी कातडीखाली टोचायचं एमिसिझुमॅब नावाचं औषधही २०१७ पासून वापरात आलं आहे. औषधं महाग आहेत, पण सरकारी रुग्णालयांत मोफत मिळण्याची सोय आहे का याची चौकशी आधी जिल्हा रुग्णालयात करा. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्राचीही माहिती घ्या. १९८३ पासून काम करणाऱ्या हिमोफिलिया फेडरेशनच्या शाखेत गेलात तर तुमच्यासारख्या दुसऱ्या आया भेटतील.

घरासाठी एवढं लक्षात ठेवा:

• तापाला, दुखण्याला ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं.

• दंडात, मांडीत, कुल्ल्यावर खोल इंजेक्शन नको. लसी मात्र चुकवू नका. बारीक सुईने द्यायला सांगा आणि नंतर दहा मिनिटं दाबून धरा.

• कान टोचणं, दात काढणं, छोटं ऑपरेशन, काहीही असो, आधी रक्ताच्या डॉक्टरांना विचारा.

• गुडघा, कोपर, घोटा सुजला तर सांध्यात रक्त उतरलं असं समजा. तेल लावून चोळू नका, गरम शेक देऊ नका. फडक्यात बर्फ गुंडाळून लावा, पाय उशीवर ठेवा, हलवू नका आणि फॅक्टर द्यायला न्या. वारंवार रक्त उतरलं की सांधा कायमचा आखडतो.

• डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसो न दिसो, थेट रुग्णालय गाठा. 'आधी फॅक्टर, मग बाकीच्या तपासण्या' असं तिथे सांगा.

• रांगत्या बाळाच्या चड्डीला, पायजम्याला गुडघ्यांवर जाड पॅड शिवा. टेबलाच्या कोपऱ्यांना कापड गुंडाळा.

• दात मऊ ब्रशने रोज घासा. दात चांगले राहिले तर काढायची वेळ येत नाही.

• आणि पोराला कडेवरच ठेवू नका! थोडा मोठा झाला की पोहायला घाला. स्नायू बळकट झाले की सांधे सांभाळले जातात. शाळेत बाईंना लेखी कळवा, खिशात आजाराची चिठ्ठी ठेवा.

इतर पत्रांना थोडक्यात

*मुलगा चौथीत आहे. चित्रात झाडाची पानं तपकिरी रंगवतो. मामांनाही रंग कळत नाहीत. डोळे बिघडलेत का?*

हे रंगांधळेपण असावं. लाल-हिरव्याची कृतीही त्याच एक्स वहीत आहे, म्हणून तेही मुलग्यांतच जास्त. युरोपातल्या गोऱ्या लोकांत शंभर पुरुषांत सुमारे आठ, तर बायकांत दोनशेत एखादी. नेत्रतज्ज्ञ ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचायला लावून ओळखतात. नजर यामुळे अधू होत नाही आणि त्याला औषधही लागत नाही. खडूंवर रंगांची नावं लिहून द्या, वर्गात बाईंना सांगा, मारू-रागावू नका. मात्र रेल्वे चालवणं वगैरे नोकऱ्यांना रंग ओळखता यावे लागतात, तेव्हा पुढची दिशा ठरवताना हे ध्यानात असू द्या.

*ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेली जुनी झबली नव्या बाळाला घालू नयेत म्हणतात. खरं का?*

अगदी खरं. काही बाळांत जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य कमी असतं. त्याचीही कृती एक्स वहीतच आहे, म्हणून मुलग्यांत जास्त. अशा बाळाला डांबराच्या गोळ्यांचा नुसता वास सतत लागला तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते. बाळाच्या कपड्यांत गोळ्या ठेवूच नका. ठेवलेले कपडे धुऊन, चांगलं ऊन देऊन, वास पुरता गेल्यावरच वापरा. ज्यांच्या घरी ही उणीव ठाऊक आहे त्यांनी मलेरियाच्या उपचारात प्रायमाक्विन घेण्यापूर्वी डॉक्टरांना आठवणीने सांगावं.

*टक्कल आईच्या वडिलांकडून येतं असं सासरे म्हणतात. माझे वडील पुरते टकले. मुलाचं काय?*

अर्धंच खरं. टकलाशी संबंध असलेलं एक महत्त्वाचं जनुक एक्स वहीत आहे, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. तोही आजोबांचाच येईल असं नाही, आजीचाही येऊ शकतो. बाकीची कितीतरी जनुकं इतर वह्यांत विखुरलेली आहेत, ती वडिलांकडूनही येतात. तेव्हा सासऱ्यांना सांगा, आधी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवा!

पुढच्या आठवड्यात थॅलसेमियाविषयी लिहीन. त्यात आई आणि वडील दोघांकडची पानं बिघडलेली असावी लागतात, आणि लग्नाआधीची एक साधी रक्ततपासणी पुष्कळ काही टाळू शकते.